चावडीवर वाचलेला सातबारा

2017 चा मे महिना. वऱ्हाडातली वावरे वखरून झाली होती, कपाशीचे बियाणे कोणते घ्यायचे याची बोलणी चालली होती आणि पीककर्जासाठी सातबारा हवा म्हणून तलाठ्याकडे गर्दी होती. याच मे-जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर चावडी वाचनाची विशेष मोहीम काढली. संगणकात चढवलेला सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक असेल ती सांगायची आणि तलाठ्याने ती तिथेच लिहून घ्यायची. लाडखेड, बोरी अरब यांच्यासह दारव्हा तालुका या मोहिमेत होता, जसे राज्यातले बाकीचे तालुके होते.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या कामाला युझर अॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात. प्रणाली बांधणाऱ्याने ती आपल्या परीने तपासलेली असतेच. पण जो ती रोज वापरणार, त्याने पाहून होकार दिल्याशिवाय काम स्वीकारले गेले असे मानत नाहीत. हे पाहणे मनाला येईल तसे चालत नाही. कोणती नोंद उघडायची, कोणत्या क्रमाने पाहायची, काय दिसायला हवे आणि प्रत्यक्षात काय दिसले हे आधी आखलेल्या कागदावर लिहायचे असते. त्या कागदाला टेस्ट स्क्रिप्ट म्हणतात. अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 1983 मध्ये चाचणीचे कागद कसे असावेत यासाठी 829 क्रमांकाचे मानक काढले. त्यात चाचणीत द्यायची माहिती, अपेक्षित निकाल, करायच्या पायऱ्या आणि आढळलेले दोष यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. एकच गोष्ट दोन माणसांनी तपासली तर निकाल एकच यावा, आणि वेगळा आला तर तो का वेगळा आला हे कागदावरून कळावे, यासाठी हा खटाटोप.

मराठी मुलखात हाच प्रश्न त्याआधी दीडशे वर्षे उभा राहिला होता, आणि तोही जमिनीच्याच नोंदींवरून.

पेशवाई गेल्यानंतर पुण्याच्या इंदापूर भागात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने 1828 ते 1830 च्या सुमारास नवी आकारणी केली. लागवडीचा खर्च वजा जाऊन शेतातून निव्वळ उत्पन्न किती उरते ते काढायचे आणि त्यावर सारा बसवायचा, हे त्याचे सूत्र. कागदावर ते सुबक होते. पण या शेतात किती पिकते आणि खर्च किती येतो, हे ठरवणार होते गावोगाव फिरणारे हाताखालचे कारकून. एकाचा अंदाज दुसऱ्याशी जुळेना. मोजणी सदोष निघाली, लाच घेऊन शेताची प्रत वर-खाली केल्याच्या तक्रारी झाल्या. सारा झेपेना तेव्हा कित्येक कुळे जमिनी टाकून शेजारच्या मुलखात निघून गेली.

1835 नंतर एच. ई. गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी त्याच इंदापुरात पुन्हा सुरुवात केली आणि आधी प्रश्न बदलला. शेतात किती पिकते, हे त्यांनी कारकुनाला विचारलेच नाही. त्याला विचारले ते असे: माती कोणत्या पोताची, किती खोल, तिच्यात कोणते दोष? 1847 च्या त्यांच्या संयुक्त अहवालात ही रीत सविस्तर मांडलेली आहे. शेताचे कागदावर चौकोन पाडायचे. मातीचे तीन वर्ग: बारीक, एकजिनसी काळी, तिच्याहून भरड, आणि खडेमिश्रित. चौकोनात ठिपके देऊन वर्ग दाखवायचा. कुदळीने खणून माती किती हात खोल आहे ते आकड्यात लिहायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, पाणी न मुरणे असे सात दोष ठरवलेले होते आणि प्रत्येकाला एकेक खूण होती. एक खूण पडली की जमीन एक प्रत खाली.

हिशेब असा होई. पहिल्या वर्गाची माती पावणेदोन हात खोल असेल तर पहिली प्रत, म्हणजे सोळा आणे. तीच माती सव्वा हात असेल तर तिसरी प्रत, बारा आणे. त्यात चुनखडीची एक खूण आली की चौथी प्रत, दहा आणे. अशा नऊ प्रती होत्या आणि शेवटची दोन आण्यांची. सर्व चौकोनांच्या आण्यांची सरासरी काढली की शेताचे मोल मिळे. मग वरचा अधिकारी त्यातली काही शेते स्वतः पुन्हा तपासून पाही. पहिल्याने काय पाहिले हे ठिपक्या-खुणांनी नोंदलेले असल्याने फरक नेमका कुठे पडला हे दाखवता येई: खोलीत, पोतात, की एखादी खूण राहून गेली. आजच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये जे असावे लागते, ते जवळपास सगळे या कागदात आहे. हा कागद महसूल वसुलीसाठी जन्मला आणि त्यावर बसलेले दर शेतकऱ्याला नेहमी झेपले असे नाही. तरीही एका अनोळखी कारकुनाच्या मर्जीपेक्षा खणून पाहिलेला खड्डा शेतकऱ्याला अधिक न्याय देणारा होता, हे मान्य करावे लागते.

वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले ते 1853 च्या निजामाशी झालेल्या तहाने. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यातली ही मोजणी-प्रतवारीची पद्धत इथे आली आणि वऱ्हाड रयतवारी झाले. दारव्हा तेव्हा वणी जिल्ह्यातला तालुका होता. 1905 मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीमकडचा पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ पडले. जुना दारव्हा तालुका आजच्यापेक्षा बराच मोठा होता. नेर आणि दिग्रस त्यातच येत. पुढे तालुके फुटले तसे दप्तरही वाटले गेले. ज्याच्या आज्याची नोंद दारव्ह्याला आणि स्वतःची दिग्रसला, त्याला जुना कागद शोधायला दोन्ही दारे झिजवावी लागली.

वऱ्हाड आणि त्याचा शेजारी वर्धा यांत महसुलाच्या दृष्टीने मोठा फरक होता. वर्धा जिल्हा मालगुजारीचा. तिथे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये मालगुजार असे, 1951 मध्ये ती पद्धत संपेपर्यंत. दारव्ह्याचा शेतकरी सर्व्हे नंबर सांगे, वर्ध्याकडचा खसरा नंबर. वऱ्हाडात क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहीत, नागपूर प्रांतात एकराच्या शतांशात. त्यामुळे 'बारा-वीस' या दोन आकड्यांचा अर्थ एका ठिकाणी साडेबारा एकर आणि दुसऱ्या ठिकाणी बारा एकर व वीस शतांश, म्हणजे अवघे आठ गुंठे. शेजारच्या मराठवाड्यात पहाणीपत्रक आणि खासरापत्रक होते. 1 मे 1960 ला राज्य एक झाले, पण दप्तराच्या या तिन्ही वहिवाटी आपापल्या जागी चालू राहिल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 हा 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाला, 1971 मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम आले आणि गाव नमुना सात, बारा, सहा, आठ-अ ही मुंबईकडची वळणे सगळीकडे गेली. विदर्भात जमिनीचा वाद निघाला की 1954-55 चा अधिकार अभिलेख आजही काढला जातो, तो याच जुन्या थरांमुळे.

या कायद्यात गावकऱ्याच्या तपासणीची सोय आहे. फेरफार वहीत नोंद झाली की तिची प्रत चावडीवर ठळक जागी लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कलम 157 सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. चुकलेली नोंदही या संरक्षणाखाली येते, आणि ती खोटी ठरवण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्याच डोक्यावर पडतो. सातबारा तपासणे हा कारकुनी उपचार ठरत नाही तो यामुळे.

मग मेट्रिक मापे आली. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, आणि इथे एक बारीक चूक हजारो सातबाऱ्यांत शिरायला वाट मिळाली. पाच भावांची प्रत्येकी 1 एकर 7 गुंठे जमीन धरा. एकेकाचे क्षेत्र 47.55 आर भरते. पूर्णांक केला की 48. पाच जणांचे मिळून 2 हेक्टर 40 आर. पण सगळ्या नंबराचे, म्हणजे 5 एकर 35 गुंठ्यांचे, एकदम रूपांतर केले तर येतात 2 हेक्टर 38 आर. दोन आर जमीन कुठूनच आलेली नाही, तरी ती कागदावर उभी राहिली. धुरा हललेला नाही, कोणी खोटे लिहिलेले नाही. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात असे दोन आर कित्येक वर्षे निवांत पडून राहत. संगणकाला ते दिसले.

संगणकाची सुरुवात दारव्ह्याच्या शेजारीच झाली. 1988-89 मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले. रंगारेड्डी, सोनितपूर, सिंगभूम, गांधीनगर, मोरेना, मयूरभंज, डुंगरपूर आणि महाराष्ट्रातून वर्धा. त्यानंतरची वर्षे माहिती भरण्यात गेली. जुने, फाटके, दुरुस्त्यांनी भरलेले सातबारे समोर ठेवून ऑपरेटरने अक्षरे टंकित केली. ज्याला गाव माहीत नाही, त्याने गावाची नावे वाचली. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरे खातेदाराच्या नावाचाच भाग समजून उतरवली गेली, किंवा मधले टिंब गेले, किंवा सगळेच गळाले. अ.पा.क. गळाले की अज्ञान मुलाचा पालक थेट मालक दिसू लागतो. ए.कु.मॅ. गळाले की एकत्र कुटुंबाची जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर चढते.

पुढे ई-फेरफार प्रणाली आली आणि कागदाशी जुळणी करण्याचे काम गावपातळीवर सुरू झाले. आधी एडिट मोड्यूल, मग चावडी वाचन, मग त्यातून निघालेल्या चुकांसाठी री-एडिट. ही नावे सॉफ्टवेअरवाल्यांची, पण तलाठी सजात ती मराठी शब्दांसारखी रुळली. हस्तलिखित सातबारा एका हाताला, पडद्यावरचा दुसऱ्या हाताला, आणि नजर रकान्यारकान्यांतून फिरवायची. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब मिळून एकूण क्षेत्र येते का? खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूणाशी बसते का? भोगवटादार वर्ग एक की दोन? इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कुळाचे नाव उतरले का? बेरीज न जुळणारे सातबारे प्रणाली स्वतःच वेगळे काढून विसंगतीच्या अहवालात देई. तलाठ्यांच्या तोंडी त्याचे नाव ओडीसी अहवाल. वर सांगितलेले ते दोन आर या अहवालात हमखास सापडत.

मात्र यंत्र पकडत नाही अशी एक चूक असते, आणि दारव्हा-दिग्रस-पुसद या पट्ट्यात ती फार. नावाची. या भागात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. तांड्यावर राठोड, चव्हाण, पवार, आडे, जाधव ही आडनावे दर दुसऱ्या घराला. त्यात नाव आणि बापाचे नावही जुळले, तर दोन वेगळे खातेदार कागदावर एक होऊ शकतात. उलट, एकच माणूस एका गटात किसन आणि दुसऱ्यात किशन, एकात शामराव आणि दुसऱ्यात श्यामराव असेल तर संगणकाच्या लेखी ते दोन इसम. त्याचा आठ-अ, म्हणजे गावातल्या त्याच्या सगळ्या जमिनीचा उतारा, दोन तुकड्यांत निघतो. बँकेचा माणूस एक तुकडा पाहून कर्जाची मर्यादा ठरवतो. बेरीज दोन्हीकडे बरोबर असल्याने कोणताही अहवाल हे दाखवत नाही. हे सांगू शकतो फक्त तो शेतकरी किंवा त्याचा शेजारी. चावडी वाचनाची खरी गरज इथे होती.

पण वाचायचे कसे? नुसते नाव वाचून 'बरोबर आहे का?' असे विचारले तर ऐकणारा आपले नाव ऐकू आले की मान हलवतो आणि घरी जातो. त्याच्या मते तपासणी झाली. इतर हक्कांत कोणाचे नाव राहिले, पोटखराब किती लागले, फेरफार क्रमांक कोणता, हे त्याने ऐकलेलेच नसते. दुसऱ्या गावी तलाठ्याने गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार, हिस्सा, इतर हक्क या क्रमाने सगळे वाचले, तर तिथे दहापट हरकती येतील. वरच्या कार्यालयात दोन्ही गावांचे आकडे शेजारी-शेजारी बसतात, आणि ज्या गावात चुका सापडल्या ते गाव वाईट दिसते. सॉफ्टवेअरच्या चाचणीत हा धोका जुनाच आहे: सैल तपासणारा चांगला निकाल आणतो. त्यावर उपाय एकच, वाचनाचा क्रम आणि हरकतीचा नमुना सगळीकडे सारखा. विंगेटच्या कारकुनाला ठिपके आणि खुणा दिल्या होत्या त्या याचसाठी.

आणखी एक गोष्ट मोजदादीत येत नाही. चावडीवर कोण हजर होते? कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली कुटुंबे नव्हती. बायका कमी येतात. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली तर नसतातच. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, पण तिचे नाव वाचले गेले नाही हे सांगायला ती तिथे हवी. जो गैरहजर, त्याची नोंद तपासली गेली असे धरू नये. हरकत आली नाही आणि ऐकणाराच आला नाही, या दोन गोष्टींसाठी नमुन्यात दोन वेगळे रकाने असायला हवेत.

सापडलेल्या चुकांचे काय करायचे हे कायद्यात आधीच लिहिलेले होते. कलम 155 प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा आदेश तहसीलदार देतो. त्या आदेशाशिवाय तलाठ्याने पडद्यावर हात लावायचा नाही. काम पुरे झाल्याची घोषणापत्रे टप्प्याटप्प्याने भरून द्यावी लागली आणि मग गावाचा हस्तलिखित सातबारा बंद झाला. 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला, गावाच्या नावासोबत त्याचा सांकेतांक आला.

2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जिवंत सातबारा' ही मोहीम निघाली आणि चावडी पुन्हा भरली. बुलढाण्यात आधी करून पाहिलेली ही मोहीम 1 एप्रिलपासून राज्यभर गेली. या वेळी वाचनाला एकच नेमका प्रश्न होता: यातले कोण हयात नाही? पहिल्या पाच दिवसांत गावनिहाय मयत खातेदारांची यादी, नंतर वारसांची कागदपत्रे, मग 10 मेपर्यंत फेरफार. 2017 मध्ये सगळेच एकदम विचारले होते. इथे एकच विचारले, आणि त्याचे उत्तर गावात कोणीही देऊ शकते. प्रश्न असा आखणे ही मोठी सुधारणा म्हणावी लागेल. तलाठी या पदाचे नाव तोवर ग्राम महसूल अधिकारी झाले होते, जरी दारव्ह्याच्या बाजारात लोक अजून पटवारीच म्हणतात.

नमुना बाराची, म्हणजे पिकांच्या नोंदीची, गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करतो. 2022 च्या सुधारित आवृत्तीत फोटो गटाच्या हद्दीबाहेरून काढला तर अॅप तसे सांगे, नोंद 48 तासांत दुरुस्त करता येई आणि एकूण नोंदींपैकी 10 टक्के तलाठी तपासत असे. अडचण दारव्ह्याच्या वावरातच उभी आहे. इथे कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास लावतात. अशा दोन एकरांची नोंद एक शेतकरी निव्वळ कपाशी म्हणून करतो, दुसरा मिश्र पीक म्हणून, तिसरा तुरीला अंदाजे वीस गुंठे काढून देतो. पीक तेच, धुऱ्याला धुरा लागलेला, आणि नमुना बारावर तीन वेगळ्या नोंदी. शासकीय खरेदी केंद्रावर तूर घेऊन गेल्यावर सातबाऱ्यावर तूर आहे का हे पाहतात. पहिल्याच्या सातबाऱ्यावर ती नसते. तासांवरून क्षेत्र कसे काढायचे, म्हणजे इतकी तासे कपाशीची आणि इतकी तुरीची असतील तर किती आर कोणाला, याचा एक साधा तक्ता पेरणीआधी चावडीवर लावला आणि तपासणाऱ्या तलाठ्याच्याही हातात तोच दिला, तर खरिपाच्या नोंदी पहिल्यांदा एकमेकींशी ताडून पाहता येतील.